वाड्यावरून कारखान्यावर: मराठी खलनायकाचा मागोवा

मराठी पडद्यावरचा खलनायक कोणते कपडे घालतो, कुठे राहतो आणि कशाच्या जोरावर माज करतो, एवढं पाहिलं तरी त्या काळात महाराष्ट्रात सत्ता कोणाच्या हाती होती हे कळतं. सावकार, पाटील, सरपंच, कारखान्याचा चेअरमन, मंत्री, झोपडपट्टीचा दादा, असा हा वंश आहे. या वंशातला सर्वांत मोठा पुरुष निळू फुले. त्यांच्या कारकिर्दीवर लिहिताना आपण बहुधा त्यांचा आवाज, त्यांची नजर आणि त्यांच्या नावावर चिकटलेली दोन-चार वाक्यं यांतच अडकतो. मला त्यांच्याकडे या वंशावळीतून पाहायचं आहे. हा माणूस आकाशातून पडला नव्हता. त्याच्या मागे पूर्वज होते, त्याच्या पुढे वारस आले आणि मधल्या काळात महाराष्ट्राचं राजकारण त्याच्यासाठी भूमिका लिहीत होतं.

सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. कीचक महाभारतातला, पण प्रेक्षकांना त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारलाही तोच दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. खलपात्र म्हणजे राज्यकर्ता, हे नातं मराठी माणसाच्या मनात इतक्या लवकर जुळलं होतं. मूकपटात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ (१९२५) काढला, तेव्हा पुराणातला राक्षस बाजूला झाला आणि कर्जाचा कागद हाती असलेला माणूस समोर आला. तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. कुळाची जमीन गिळणारा सावकार त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या पडद्यावरून हलला नाही, कारण तो गावातूनही हलला नव्हता.

बोलपट आला आणि खलनायकाला आवाज मिळाला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट. त्यात बाबूराव पेंढारकर होते. नाटकातून आलेले नट तेव्हा कॅमेऱ्यासमोरही थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी बोलत. बाबूरावांचा दुष्टपणा मात्र संयमी, सुसंस्कृत आणि म्हणूनच जास्त बोचरा असे. मराठी पडद्यावर खलनायकाला प्रतिष्ठा पहिल्यांदा त्यांनी मिळवून दिली असं माझं मत आहे. दोन वर्षांनी ‘अमृतमंथन’मध्ये शांतारामांनी राजगुरूच्या डोळ्याचा भलामोठा क्लोजअप घेतला. हिंदीत चंद्रमोहन होते, मराठीत केशवराव दाते. रंगभूमीवर नटाचा डोळा पहिल्या चार रांगांपलीकडे कोणाला दिसत नाही. सिनेमात नुसत्या डोळ्यानं अख्खं थिएटर गार करता येतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

बाबूरावांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ काढला, तेव्हा जोतीरावांच्या भूमिकेसाठी त्यांनी बाबूरावांना घेतलं. खलनायक म्हणून नाव कमावलेल्या नटावर अत्र्यांनी एवढा विश्वास टाकला आणि प्रेक्षकांनीही तो मानला. खलनायकी रंगवणाऱ्या नटाची ताकद कशात असते याचा हा चांगला दाखला आहे. माणूस कशानं वाईट होतो हे ज्याला आतून कळलं, त्याला चांगला माणूसही उभा करता येतो. निळूभाऊंच्या बाबतीत हेच पुढे पुन्हा घडलं.

स्त्रियांची एक वेगळी शाखा आहे. ललिता पवार तिच्या मूळपुरुषाच्या जागी. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहनट भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्यावर लकव्याचा परिणाम झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची वाट बंद झाली आणि त्या अधू डोळ्यातून हिंदुस्थानातली सगळ्यांत धाक वाटणारी सासू जन्माला आली. या शाखेवर स्वतंत्र लेखच हवा, म्हणून इथे थांबतो.

आता पाटील. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. तमाशाची कनात आणि गावचा उन्मत्त पाटील ही जोडी त्या यशानं पक्की केली. पुढची वीस वर्षं निर्मात्यांनी ती सोडली नाही. पण त्याच वेळी प्रत्यक्षात काय चाललं होतं ते पाहा. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. १९६१ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्या कामाला लागल्या. १९६२ मध्येच कायद्यानं मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद रद्द केलं. म्हणजे पडद्यावर पाटील जोरात असताना गावातल्या पाटलाचं दप्तर काढून घेतलं जात होतं. तिकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० पासून चालू होता, आणि त्याच्यामागून एकेक कारखाना उभा राहत होता. त्यातून शेतकऱ्याला खूप मिळालं, ते कोणी नाकारू नये. पण कारखाना आला की त्याच्यामागे जिल्हा बँक आली, बाजार समिती आली, शिक्षणसंस्था आली. हे सगळं एका घरात गोळा झालं की त्या घराला वतनाची गरज उरत नव्हती. जुना पाटील सातबाऱ्यावर आणि मानपानावर जगायचा. नवा माणूस उसाची तोड कोणाला आधी द्यायची, कोणाच्या पोराला शिपाई म्हणून लावायचं आणि कोणाचं कर्ज थकीत दाखवायचं, यावर राज्य करत होता.

सिनेमावाल्यांना हा बदल उशिरा कळला. वगनाट्यवाल्यांना लवकर कळला, आणि निळू फुले वगनाट्यातून आले होते.

त्यांचा जन्म पुण्याचा, घर गरीब. वडील भाजी आणि लोखंडी मोडतोड विकून संसार चालवत. निळूभाऊ ऐन तारुण्यात पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, बागेत माळी म्हणून लागले. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, भांडवल नव्हतं. संध्याकाळ मात्र राष्ट्र सेवा दलाची होती. सेवा दलाचं कलापथक ही महाराष्ट्राच्या अभिनयाची किती मोठी शाळा होती, याचा हिशेब अजून नीट मांडलेला नाही. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर आणि पुढे स्मिता पाटील, सगळे त्या अंगणातले. तिथे नाटक करायचं ते माणसं जागी करण्यासाठी. गावच्या चावडीसमोर, देवळाच्या पटांगणात, कंदिलाच्या उजेडात गण, गवळण, बतावणी आणि मग वग. बतावणीत लिहिलेलं थोडं आणि ऐनवेळी सुचलेलं जास्त. समोर बसलेल्या सरपंचाचा आवाज, त्याची टोपी, त्याचं पान खाणं संध्याकाळी पाहायचं आणि रात्री त्याच्याच समोर करून दाखवायचं. पुढारी त्यावर हसायचा, कारण हसला नाही तर गाव त्याला हसलं असतं.

निळूभाऊंनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास केला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेनं त्यांचं नाव झालं. मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’, त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग. या काळाकडे त्यांचे चरित्रकार सिनेमाच्या आधीची तयारी म्हणून पाहतात. मला तोच त्यांचा मुख्य अभ्यासक्रम वाटतो. इतक्या रात्री महाराष्ट्रभर फिरताना सत्तेचे किती नमुने त्यांनी जवळून पाहिले असतील! पुढारी बसतो कसा, धोतराचा सोगा कोणत्या क्षणी हातात घेतो, गरिबाशी बोलताना आवाज चढवतो की उतरवतो, साहेब आला की पाठीचा कणा किती वाकवतो. वगात हे सगळं हसण्यासाठी होतं. सिनेमात त्यांनी त्यातलं हसू काढून घेतलं आणि निरीक्षण तसंच ठेवलं. त्यांच्या खलनायकाची भीती वाटते ती यामुळेच, कारण तो आपल्या ओळखीचा निघतो.

अनंत माने यांनी १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ केला आणि बेरका झेले अण्णा निळूभाऊंना दिला. शंकर पाटील इथेही होतेच. तिशी उलटल्यावर मिळालेली ती संधी होती. त्यानंतर सिनेमांची रांग लागली आणि त्यांपैकी बऱ्याच सिनेमांत तेच ते करावं लागलं. पाटील, सरपंच, सावकार, बाईवर डोळा ठेवणारा श्रीमंत. तंबू थिएटरात बसलेल्या बाया त्यांना शिव्या देत, आणि ती आपल्या कामाची पावती असं ते मानत.

त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मराठी सिनेमातले बहुतेक खलनायक गर्जना करत. निळूभाऊंचा आवाज खालच्या पट्टीतला, घोगरा, घशातून घासत येणारा. वाक्याच्या सुरुवातीला ते घाई करत नाहीत. मधला एखादा शब्द लांबवतात आणि वाक्य संपवतात ते जवळजवळ लाडानं. डोळे अर्धवट मिटलेले, मान जराशी तिरकी. समोरचा माणूस बोलत असताना ते ऐकतात, आणि हे ऐकणं हाच त्यांच्या अभिनयाचा जीव आहे. समोरच्याची किंमत किती, त्याला विकत घ्यायचं की मोडायचं, याचा हिशेब त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर चालू असतो. तो हिशेब जुळला की बारीकसं हसू येतं. धमकी उच्चारायच्या आधीच पोचलेली असते. चावडीवर ओरडून बोलायला शिकलेल्या या नटाला मायक्रोफोनचं मर्म इतकं अचूक कळलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

१९७२ हे साल इथे थांबून पाहायला हवं. विजय तेंडुलकरांची दोन नाटकं त्या एका वर्षात रंगमंचावर आली. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये मोहन आगाशे नाना फडणवीस झाले. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा. टाकलेल्या बायकांना घरात ठेवून घेणारा, शिवराळ, दारुडा, मारकुटा आणि तरीही आपल्या परीनं सरळ असा हा पुस्तकबांधणीवाला. सखाराम खलनायक आहे का, हा प्रश्न घेऊन प्रेक्षक घरी गेला. नाटक कोर्टकचेरीत अडकलं. पण खलनायक हा खलनायकच असतो ही समजूत तिथे मोडली आणि ती मोडायला तमाशापटातला पाटील उपयोगी पडला. सभ्य नाट्यगृहातल्या प्रेक्षकांना असा नट मिळणार कुठून होता?

तेंडुलकरांचं नाव या वंशावळीत पुन्हा पुन्हा येतं. नाना, सखाराम, ‘निशांत’मधला अमरीश पुरींचा जमीनदार, ‘सामना’तला हिंदुराव, ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी. दहा-अकरा वर्षांत एकाच लेखकाच्या हातून उतरलेली ही माणसं आहेत. सत्तेला हिंसा कशी लागते आणि हिंसेला प्रतिष्ठा कशी मिळते, हा तेंडुलकरांचा ध्यास होता. मराठी आणि हिंदी पडद्यावरच्या आधुनिक खलनायकाचा खरा जनक मी तेंडुलकरांना मानतो.

‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. निर्माते रामदास फुटाणे चित्रकला शिक्षक, दिग्दर्शक जब्बार पटेल पेशानं डॉक्टर. हिंदुराव धोंडे पाटलाकडे सगळं आहे: कारखाना, माणसं, बंगला, गावाची भरभराट. या भरभराटीत एक दारुडा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला उचलून घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, कारण या माणसाचं कोडं त्याला उलगडत नाही. श्रीराम लागूंचा मास्तर हळूहळू एकच गोष्ट विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं. इथे निळूभाऊ काय करतात ते पाहा. जुना पाटील असता तर मास्तरला पहिल्याच दिवशी झाडाला बांधलं असतं. हिंदुरावला मास्तर आवडतो. त्याच्याशी गप्पा मारायला त्याला बरं वाटतं, कारण आजूबाजूला सगळे हांजी हांजी करणारे. आपण गावाचं भलं केलं यावर त्याचा मनापासून विश्वास आहे, आणि ते काही अंशी खरंही आहे. म्हणून प्रश्न आला की तो आधी चिडत नाही, दुखावतो. त्या दुखावलेपणात सहकारातल्या एका अख्ख्या पिढीचं मन दिसतं. आम्ही एवढं उभं केलं आणि तुम्ही एका मेलेल्या माणसाचं विचारता? भ्रष्ट सत्ताधाऱ्याचं इतकं समजूतदार आणि इतकं निर्दय चित्र मराठी पडद्यावर त्याआधी नव्हतं. त्यानंतरही क्वचितच आलं.

चार वर्षांनी जब्बार पटेल आणि तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ केला आणि पारडं उलटं केलं. लागू झाले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि निळू फुले झाले दिगू टिपणीस, मंत्रालयाच्या आतबाहेर फिरणारा पत्रकार. ज्याला आपण सत्तेच्या खुर्चीत पाहायची सवय लावून घेतली होती, तो आता खांद्याला पिशवी लावून सत्ता पाहत होता. दिगू फारसं काही करत नाही. तो ऐकतो. आणि ऐकणं ही तर निळूभाऊंची जुनीच विद्या.

पुढे हिंदी आलं. ‘कुली’, ‘मशाल’, ‘वो सात दिन’. त्यातली मोलाची भूमिका एकच, ‘सारांश’ (१९८४) मधला गजानन चित्रे. शिवाजी पार्कजवळच्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात हा पुढारी शिरतो. हिंदी सिनेमाला तोवर पुढारी म्हणजे भाषण ठोकणारं सोंग ठाऊक होतं. चित्रे सोफ्यावर बसतो आणि नम्रपणे बोलतो, आणि त्या नम्रतेनंच घरातली हवा संपते.

रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी मुख्यमंत्री झालेल्या मुलाला जाब विचारणारा म्हातारा स्वातंत्र्यसैनिक उभा केला. बाबूराव पेंढारकर आणि ‘महात्मा फुले’ची आठवण इथे येते. फरक एवढाच की निळूभाऊंचं आयुष्य त्या म्हाताऱ्याच्या बाजूचं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते उभे राहिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, म्हणजे चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटती राहावी. पडद्यावर गरिबाची जमीन बळकावणारा माणूस पडद्याबाहेर त्या गरिबासाठी पैसे गोळा करत होता. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

वारस दोन दिशांनी आले. एक सदाशिव अमरापूरकर, नगरचे. ‘हँड्स अप’ नाटकातलं त्यांचं काम पाहून गोविंद निहलानींनी त्यांना ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) घेतलं. रामा शेट्टी हा हिंदुरावाचा शहरी भाऊ. तोही ओरडत नाही, तोही निवडणूक लढवतो, पोलिसाला तोही आधी समजून घेतो आणि मग विकत घेतो. ‘सडक’मधल्या महाराणीसाठी अमरापूरकरांना फिल्मफेअरचा खलनायकासाठीचा पहिला पुरस्कार मिळाला, पण रामा शेट्टीतली धार हिंदीनं त्यांना पुन्हा क्वचितच दिली.

दुसरी दिशा मराठी सिनेमाची, आणि ती मला खटकते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून मराठी सिनेमा शहरात आणि विनोदात शिरला. ‘धडाकेबाज’मध्ये कवट्या महाकाळ आला, ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू. मुलांनी त्यांच्यावर प्रेम केलं आणि ते रास्तच होतं. पण मुखवटा आणि बाहुली पुढे आली तेव्हा कारखान्याचा चेअरमन पडद्यावरून गायब झाला. तो प्रत्यक्षात कुठेही गेला नव्हता. उलट त्याचं मेडिकल कॉलेज झालं होतं. लोक ज्याच्यापुढे हात जोडत होते, त्याला पाहण्याची हिंमत आमच्या सिनेमानं जवळजवळ पंचवीस वर्षं सोडून दिली. हा दोष लेखकांचा आणि निर्मात्यांचा आहे. निळूभाऊंच्या शेवटच्या वीस वर्षांत त्यांच्या तोलाच्या भूमिका इतक्या थोड्या का, याचं उत्तरही तिथेच आहे.

हा सत्ताधारी परत आला ‘देऊळ’मध्ये (२०११), नाना पाटेकरांच्या भाऊ गलांडेच्या रूपानं. आणि मग ‘सैराट’मध्ये (२०१६) नायिका आर्चीच्या वडिलांच्या रूपानं. सुरेश विश्वकर्मांनी रंगवलेला हा पाटील मुलीवर जीव टाकणारा बाप आहे, सभा गाजवणारा पुढारी आहे, आणि शेवटचं कृत्य होतं तेव्हा तो तिथे हजरही नसतो. खलनायकाला आता स्वतः यावं लागत नाही. सेवा दलाच्या वगापासून निघालेली वाट ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांपर्यंत पोचली आहे, आणि मधला टप्पा हिंदुराव धोंडे पाटील हाच आहे.

म्हणून एक मागणं. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ पाहायला मिळतात. पण निळू फुल्यांची वगनाट्यं आणि त्या काळातले कितीतरी ग्रामीण सिनेमे नव्या पिढीपर्यंत पोचलेले नाहीत. तमाशापट वितरित करणाऱ्यांच्या गोदामात, तंबू थिएटर चालवणाऱ्यांच्या माळ्यावर, जुन्या कलापथकातल्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकेत अजून रिळं, ध्वनिफिती, फोटो, हस्तलिखित संहिता आणि सिनेमाच्या पुस्तिका असू शकतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी ते भंगारात जाऊ देऊ नये. संग्रहालयात नेऊन द्यावं.